लाभ सोडून अकरा

खाणीत शिरणाऱ्या प्रत्येक माणसाला गुंडा टोपी द्यायचा, पण नाथाजी मुकादमाची टोपी तेवढी आधी स्वतःच्या सदऱ्यानं आतून पुसायचा. गुंडाच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलेलं. त्यामुळे ती पिवळी टोपी मांडीत धरायची, डाव्या हातानं सदऱ्याचं टोक आत फिरवायचं, फुंकर मारायची आणि उठून उभं राहून पुढं करायची. "घ्या मुकादम." रोज एवढंच. डोळा एकच राहिलेला, पण तो सरळ नाथाजीच्या तोंडाकडं बघायचा आणि त्यात माया असायची. नाथाजीला ती माया सोसवत नव्हती. गड्यानं शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. तो टोपी घ्यायचा, नुसतं हं म्हणायचा आणि बूट आपटत चढाला लागायचा.

गुंडाच्या टेबलामागं भलामोठा बोर्ड होता. इस्लामपूरच्या पेंटरनं काढलेला. माणूस कुठलाही काढ म्हणून कंपनीनं त्याला सांगितलं होतं, पण तो दोन दिवस गुंडाशेजारी बसून चहा पीत राहिला आणि त्याच्या ब्रशातून जो माणूस उतरला त्याला गुंडाच्याच मिशा आल्या. चित्रातला माणूस जुन्या भोकात ड्रिल घालतोय, त्याच्यावर तांबडी फुली, आणि खाली अक्षरं, 'याची चूक तुम्ही करू नका'. खाणीवरचे लोक त्याला गुंडाचा फोटो म्हणायचे. खडी फोडणाऱ्या क्रशरची धूळ दिवसभर त्यावर बसायची आणि सकाळी आल्या आल्या गुंडाच तो बोर्ड ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसायचा.

नाथाजी फौजेत सतरा वर्षं होता. गावाला वाटायचं, ह्यानं तोफा डागल्या. खरं म्हणजे त्यानं ब्लँकेटं मोजली. स्टोअरमध्ये होता तो. ब्लँकेटं, बूट, मच्छरदाण्या, चमचे. एक चमचा कमी भरला तर सुभेदार सगळं स्टोअर पुन्हा मोजायला लावायचा. पेन्शनीत आल्यावर शिराळ्याच्या अलीकडच्या माळावर खाण कंपनी आली. फौजी माणूस, सुरुंगाला भिणार नाही म्हणून कंपनीनं त्याला बोलावलं. त्यानंही परीक्षा देऊन सुरुंगाचा परवाना काढला आणि मुकादम झाला. सांगायचं काय, तर मोजणं हा ह्या माणसाचा जन्माचा धंदा होता, आणि मान खाली गेली ती मोजण्यातच.

गोष्ट गेल्या श्रावणातली. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. त्याची लेक साक्षी पहिल्यांदाच तान्ह्या पोरीला घेऊन साताऱ्याहून दुपारच्या एसटीनं येणार होती. आजोबाचं चित्त खाणीवर नव्हतंच. सकाळपासून पावसाची भुरभुर लागलेली. गुंडानं कड्याला भोकं पाडली, भोकात दारूच्या कांड्या सरकवल्या, वाती सोडल्या, वरून माती ठासली. नियम असा, की वाती पेटवायच्या आधी मुकादमानं कड्यापाशी जाऊन भोकं स्वतः मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा. मग आडोशाला बसून आवाज मोजायचे. जेवढी भोकं तेवढे बार वाजले पाहिजेत. एक कमी वाजला तर तो मुका बार. तो दगडात जिवंत बसून असतो, त्याच्या आसपास कुणी फिरकायचं नाही. पावसात वात भिजली की एखादा हमखास मुका राहतो, हे खाणीवरच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं.

नाथाजी ताडपत्रीखालून उठला नाही. चिखलात कोण उतरणार? बसल्या जागेवरनंच त्यानं हाळी दिली, "किती रं?"

"अकरा," गुंडा वरनं म्हणाला.

नाथाजीनं वहीत अकरा लिहिले. पुढं 'स्वतः मोजले' असा रकाना होता, तिथं सही केली. वाती पेटल्या, गुंडा पळत आडोशाला आला आणि बार वाजायला लागले. नाथाजी ओठातल्या ओठात मोजत होता. लाभ, दोन, तीन. शिराळ्याकडं खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ती सवय फौजेतसुद्धा सुटली नव्हती. दहा, अकरा. त्यानं शिट्टी फुंकली, गुंडाला पुढची भोकं पाडायला सांगितलं आणि मोटारसायकलला किक मारली. नात मांडीवर होती, तिनं त्याचं बोट मुठीत धरलं होतं, तेव्हा खाणीवरनं फोन आला, गुंडाच्या ड्रिलखाली बार फुटला.

गुंडाला घेऊन जीप सांगलीच्या दवाखान्याकडं निघाली. गुंडाचं डोकं नाथाजीच्या मांडीवर होतं, जिथं घटकेपूर्वी नात होती. पेठ नाक्याच्या जवळपास आल्यावर नाथाजीला एकाएकी आपलं खळं आठवलं.

चार वर्षांपूर्वी गुंडा आणि त्याची बायको मंगल नव्यानं जतकडून ह्या खाणीवर आली होती. सुगीत नाथाजीनं त्यांना खळ्यावर बोलावलं. गुंडा पायलीनं जोंधळा मोजायला बसला. पहिलं माप 'लाभ' म्हणून त्यानं बाजूला ओतलं आणि दुसऱ्या मापाला म्हणाला, एक. नाथाजीची बायको रंगूबाई कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. तिनं विचारलं तेव्हा गुंडा म्हणाला, लाभ देवाचा, तो आमच्यात मोजत न्हाईत, एक त्याच्या पुढनं. त्यावरून रंगूबाईनं त्याची लय थट्टा केली, आणि नाथाजी तर हसून हसून बेजार झाला होता. बारा मापं ओतली की गुंडाच्या तोंडी अकरा.

म्हणजे कड्याला भोकं बारा होती. वाजले अकरा. बारावा मुका राहिला आणि गुंडाच्या ड्रिलनं त्याला तोंड फोडलं.

आठवड्यानं चौकशीचे साहेब आले. खुर्चीवर बसून त्यांनी सरळ विचारलं, भोकं तुम्ही स्वतः मोजली होती का? खरं सांगायला एक श्वास पुरला असता. पण वहीत सही होती, परवाना जाणार होता, गावात फौजी म्हणून जो मान होता तो जाणार होता. नाथाजी म्हणाला, व्हय, मी सोता मोजली, अकरा व्हती, अकरा वाजले. साहेबांनी डोकं खाजवलं. अकराचे अकरा वाजले, तर मग फुटलं काय? फुटलेल्या भोकाच्या बुडाशी कधी कधी थोडी दारू उरते, म्हणून जुन्या भोकात ड्रिल घालायचा नाही असा कायदाच आहे. गुंडानं तो मोडला असणार, असं त्यांनी लिहिलं. दवाखान्यात गुंडाला विचारलं तर पट्ट्यांच्या आतनं तो एवढंच म्हणाला, मुकादम सांगत्यात तसंच आसंल.

त्यानंतर कंपनीला जाग आली. शिवांजली नावाची सुरक्षा अधिकारी आली. माधवनगरची, तिशीच्या आतली, बोलायला मऊ आणि कामाला खमकी. तिचे आजोबा तिथल्या गिरणीत कापसाची धूळ खाऊन खोकून खोकून गेले होते. तिनं आल्या आल्या क्रशरवर पाण्याचे फवारे बसवले, खडी भरणाऱ्या बायकांना मास्क दिले, सगळ्यांच्या छातीचे फोटो काढवले. भोंगा आला, लाल निशाणं आली, कड्यावर दोर आले. मंगल क्रशरवरच खडी भरायची, ती म्हणायची, पोरगी आली आणि जेवणातली कचकच गेली. ह्या सगळ्यात शिवांजलीचा उजवा हात म्हणजे नाथाजी. तो पहाटे सगळ्यांच्या आधी यायचा. प्रत्येक भोकात बोट घालून मोजायचा, दोनदा मोजायचा, उन्हात कडा तापला असला तरी मोजायचा. असा मुकादम मी पाहिला नाही, असं ती मॅनेजरला सांगायची. तिला काय माहीत, की जे एकदा चुकवलं तेच तो दिवसातनं दोन-दोनदा भरून काढत होता, आणि ते भरत नव्हतं.

तीन महिन्यांनी गुंडा परत आला तेव्हा त्याला गेटवर टोप्या वाटायचं काम नाथाजीनंच मिळवून दिलं. तेवढंच आपल्या हातनं झालं, असं त्याला वाटलं. पण त्यामुळे रोज सकाळी सगळ्यात आधी गुंडाचंच तोंड बघायची पाळी आली.

मार्चात सुरक्षा सप्ताह आला. शेवटच्या दिवशी मोठा कार्यक्रम ठरला. नाथाजीला शाल-श्रीफळ, आणि पुढच्या महिन्यापासून कंपनीच्या सगळ्या खाणींवर देखरेखीचं काम. इथं दुसरा मुकादम येणार होता. शिवांजलीनं आणखी एक ठरवलं होतं. नाथाजीनं सगळ्यांसमोर श्रावणातला अपघात सांगायचा आणि गुंडानं शेजारी उभं राहायचं. "काका, पुस्तकातलं सांगून लोकांच्या डोक्यात जात नाही," ती म्हणाली, "समोर माणूस दिसला की जातं." गुंडा हो म्हणाला होता. नाथाजीनंही मान हलवली. दुसरं काय करणार?

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीची गोष्ट. भोकं भरायचं काम आता ज्योतिबा करायचा. हा मंगलचा धाकटा भाऊ, जतकडचाच, अबोल आणि कामाला वाघ. ऊन डोक्यावर आलेलं. नाथाजी वर चढत असतानाच तो म्हणाला, आठ भोकं भरली मुकादम. नाथाजीनं बोट घालून मोजली. नऊ भरली. त्यानं पुन्हा मोजली.

"नऊ हायत की रं."

"व्हय, लाभ धरून नऊच," ज्योतिबा सहज म्हणाला.

नाथाजी त्या तापल्या दगडावर बूड टेकून बसला. एकपासून मोजत जा, त्यानं सांगितलं. ज्योतिबानं विचारलं, का ओ? कंपनीचा नियम हाय, असं नाथाजीनं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी सहा भोकं होती आणि ज्योतिबा म्हणाला, पाच. लहानपणापासून जिभेवर बसलेलं, ते नियम म्हणून सांगून थोडंच उतरणार? का म्हणून विचारलं तर सांगायला पाहिजे होतं, की तुझ्या दाजीचा हात कशानं गेला. महिन्याभरानं नवा मुकादम येईल. तोही कधीतरी कंटाळेल, त्याचीही लेक कधीतरी माहेराला येईल.

त्या दिवशी संध्याकाळी घरी रंगूबाई जोंधळा पोत्यात भरत होती. लाभ, दोन, तीन, चार. नाथाजी उंबऱ्यावर बसून बूट सोडत होता. मधेच तिचा हात थांबला.

"आवं, गुंडा कसा मोजायचा, ध्यानात हाय का? लाभ, एक, दोन. मंगल आता बी तसंच मोजती."

नाथाजीनं एक बूट ओढून काढला.

"भोकं बी त्यो तसाच मोजायचा का ओ?"

तिनं सहज विचारलं होतं. पण उत्तर आलं नाही म्हणून तिनं वळून पाहिलं. नवरा एक बूट हातात धरून तसाच बसलेला. तीस वर्षं ज्या माणसाबरोबर काढली त्याचं तोंड बायकोला वाचता येतं. रंगूबाईनं पायली खाली ठेवली, जोंधळ्याच्या राशीवर ती तशीच कलंडली.

"तुमाला ठावं व्हतं," ती हळू म्हणाली. तो विचारण्याचा सूर नव्हता. नंतर जेवायला वाढताना तिनं एवढंच सांगितलं, की मंगल रोज दुपारी माझ्याकडं ताक न्यायला येती, उद्यापासनं तिच्या तोंडाकडं मी कसं बघू ते मला सांगा.

कार्यक्रम क्रशरच्या मागच्या मोकळ्या जागेत होता. क्रशर बंद ठेवलेला, त्यामुळे कानात उगीच पोकळी झाल्यासारखं वाटत होतं. साठ-सत्तर माणसं खाली बसली होती. पुढं टेबलावर नव्या टोप्या मांडल्या होत्या. मॅनेजर बोलले, शाल अंगावर पडली, टाळ्या झाल्या. मग नाथाजीच्या हातात माइक आला. गुंडा शेजारी येऊन उभा राहिला. धुतलेला सदरा, केसांना तेल. तुटका हात त्यानं आज लपवला नव्हता, लोकांना दिसावा म्हणून छातीशी धरला होता.

पाठ केलेलं पहिलं वाक्य त्यानं म्हटलं. दुसरं आठवेना. आठवेना कसलं, म्हणवेना. त्यानं माइक ठेवला, टेबलावरच्या टोप्या एका रांगेत लावल्या आणि एकेकीवर हात ठेवत मोठ्यानं मोजायला लागला. लाभ, दोन, तीन, चार. बारावर थांबला. लोक एकमेकांकडं बघायला लागले. तो पुन्हा रांगेच्या टोकाला आला.

"ही माजी मोजणी झाली. आता गुंडाच्या घरची." आणि त्यानं पुन्हा हात ठेवले. "लाभ. एक. दोन." शेवटच्या टोपीवर हात ठेवून तो म्हणाला, "अकरा."

खाली बसलेला ज्योतिबा एकदम ताठ झाला.

"त्या दिशी भोकं बारा व्हती. गुंडा म्हनला अकरा, आन् मी अकरा लिवलं. वाजले बी अकरा. गुंडानं जुन्या भोकात ड्रिल घातला न्हाई. मुका बार व्हता त्यो. भोकं मोजायचं काम माजं व्हतं. मी उठलो न्हाई. पाऊस व्हता, लेक येनार व्हती."

मॅनेजर खुर्चीवरनं अर्धे उठले. शिवांजलीनं त्यांना हातानंच थांबवलं आणि विचारलं, "काका, वहीत 'स्वतः मोजले' म्हणून तुमची सही आहे."

"खोटी हाय. चौकशीत बी खोटंच सांगितलं. आन् आजून एक. ह्यो असा मोजतो, हे मला चार वर्सांपास्नं म्हाईत व्हतं. माज्याच खळ्यावर कळलेलं. मी हसलो व्हतो."

मॅनेजरांनी घाईघाईनं चहाची व्यवस्था झाल्याचं सांगितलं. नाथाजीनं शाल काढली, घडी घातली आणि टोप्यांशेजारी ठेवली.

गुंडा त्याला पाण्याच्या टाकीच्या सावलीत भेटला. नाथाजी मनाशी म्हणाला, आता मारू दे, डाव्या हातानं का होईना, मारू दे. पण गुंडा त्याच्या शेजारी खाली बसला आणि बराच वेळ दोन बोटांनी माती उकरत राहिला.

"दवाखान्यात पडल्या पडल्या मी बी ती भोकं मोजली व्हती, मुकादम," तो म्हणाला. "डोळं झाकून एकेक. बारा भरली."

नाथाजीनं त्याच्याकडं पाहिलं.

"मला वाटलं, माज्या चुकीनं झालं. बारा आसताना मी अकरा म्हनलो. आन् तुमी सायबाला सांगितलं, मीच मोजली, अकराच व्हती. मी मंगलला म्हनलो, बघ, मुकादमानं माजी चूक सोताच्या अंगावर घेतली, मला झाकलं. बोर्डावर मिशा आल्या तरी मी काय बोललो न्हाई. म्हनलं, एवढ्यावर भागतंय."

"आरं गुंडा," नाथाजी म्हणाला.

"माजं मोजनं तुमाला ठावं न्हाई, आसं मी धरून चाललो व्हतो. खळ्यावरचं माज्या ध्यानात ऱ्हायलं, तुमच्या कुटनं ऱ्हानार, आसं वाटलं."

"ध्यानात व्हतं रं."

"व्हय," गुंडा म्हणाला, "आज कळलं." आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. रोज टोपी पुसताना त्याच्या डोळ्यात जी माया असायची ती कशाची होती, हे नाथाजीला तेव्हा समजलं. इतके महिने हा माणूस उपकार फेडत होता. नाथाजी टाकीला पाठ लावून रडला, आणि कुणी बघतंय का ह्याची त्यानं पर्वा केली नाही.

चौकशी पुन्हा लागली. परवाना जमा झाला, मुकादमकी गेली, देखरेखीचं काम तर गेलंच. घरी बसा, असं मॅनेजर म्हणत होते. शिवांजलीनं निकाल लागेपर्यंत त्याला क्रशरवर फवाऱ्याचं पाणी सोडायला ठेवून घेतलं. ती त्याच्याशी पूर्वीसारखं बोलत नव्हती, काका म्हणत होती एवढंच. तिनं तो बोर्ड उतरवला. कड्यावर नवी पद्धत आली. भोक भरलं की तिथल्या तिथं शेजारी चुन्यानं आकडा काढायचा आणि दोघांनी हात लावून तो वाचायचा. पहिल्या दिवशी ज्योतिबा चुन्याचा डबा घेऊन पहिल्या भोकापाशी बराच वेळ उभा राहिला, मग त्यानं मोठ्ठा एक काढला.

दुसऱ्या दिवशी नाथाजी कामावर आला तेव्हा गेटवर रांग होती. तो रांगेत उभा राहिला. गुंडा मान खाली घालून टोप्या देत होता आणि मोजत होता. लाभ न म्हणता, एकपासून. नाथाजीच्या पुढच्या माणसाला त्यानं सतरावी दिली. मग एक टोपी राशीतनं उचलून टेबलाच्या कडेला ठेवली.

"अठरा," तो म्हणाला, आणि त्याचा डोळा मागच्या माणसाकडं गेला.

नाथाजीनं टोपी उचलली. आत धूळ बसली होती. त्यानं सदऱ्याचं टोक काढलं, आतून टोपी पुसली, डोक्यावर घातली आणि क्रशरकडं चालू लागला.